खळीत राहिलेले हात

कल्पनाने टिकलीवर बोट ठेवलं आणि टिकली नारंगी झाली. आज सलग अकरावा दिवस.

"परत ठेव," शालन म्हणाली.

"कितींदा ठेवू? बोट तेच हाय आन् मी बी तीच हाय."

तरी तिने पदराला बोट पुसलं, त्यावर फुंकर घातली आणि पुन्हा टेकवलं. टिकली कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हती. कोटाच्या बटणाएवढी ती चकती शालनच्या तळहातावर नारंगी ती नारंगीच राहिली. मागे रांगेत उभ्या असलेल्या बायांपैकी कुणी उगाच अंबाडा सारखा केला, कुणी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"जा गं घरी," शालन म्हणाली. "उद्या बघू."

कल्पना भांडली असती तर शालनला बरं वाटलं असतं. एकाच महिन्यात लग्न होऊन दोघी हिवरवाडीत आल्या होत्या आणि तेव्हापासून तीस वर्षांत शंभरदा भांडल्या होत्या. पण कल्पनाने फक्त आत पाहिलं. ओळीतला चौथा माग तिचा. त्यावरचा अर्धवट ताणा एका जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवला होता. तेवढं पाहून तिने चपला पायांत सरकवल्या आणि ती निघून गेली.

शालनने पुढचीला बोट ठेवायला सांगितलं. हिरवं. तिच्या पुढचीचंही हिरवं. विणकर संस्थेची अध्यक्ष म्हणून रोज सकाळचं हे काम तिच्याकडे होतं, आणि तिला आता त्याचा वीट आला होता.

खरं तर टिकली हिवरवाडीला लाभली होती, हे आधी सांगायला हवं. म्हसवडच्या पुढे, माळाच्या कडेला वसलेलं हे सणगरांचं गाव. मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणायची आणि विकायची, हा पिढ्यांचा धंदा. शालन नवी नवरी होती तेव्हा शहरातल्या दुकानांत घोंगडीवर एक चिकटपट्टी लागायची. तिच्यावर हसऱ्या म्हातारीचं चित्र, आणि खाली छापलेलं, 'कारागिराला योग्य दाम'. ती म्हातारी कोण, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. दाम तर तिलाही मिळाला नसावा. दलाल यायचे, माल उचलायचे आणि सांगतील तो भाव द्यायचे. आणि घेणारा तरी कुठे सुखी होता? शुद्ध लोकर म्हणून हौसेनं घेतलेल्या घोंगडीत निम्मा प्लॅस्टिकचा धागा निघायचा. दोन्ही टोकांची माणसं नागवली जायची आणि मधला माणूस बंगला बांधायचा.

मग पुण्यातल्या एका प्रयोगशाळेला एक गोष्ट सापडली. माणूस भुकेला, भ्यालेला किंवा जिवापलीकडे दमलेला असला की त्याचं शरीर एक द्रव्य तयार करतं. ते रक्तातून घामात उतरतं. आपल्या डोक्याच्या केसात ते महिनोन्महिने टिकतं, एवढं डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. लोकर म्हणजे शेवटी केसच. आणि लोकरीचा केस गुळगुळीत नसतो. त्यावर घराच्या कौलांसारखे एकावर एक खवले असतात. विणणाऱ्याच्या बोटांचा घाम त्या खवल्यांखाली शिरून बसतो. मेंढीचं काय आणि माणसाचं काय, हे वेगळं काढायला त्या लोकांना सहा वर्षं लागली, पण त्यांनी ते काढलं. प्रत्येक माणसाच्या घामाचा मेळ निराळा असतो, त्यामुळे एका वस्तूला किती हात लागले तेही कळायला लागलं.

ते कळायला घोंगडीसारखा कपडा नाही, असंही त्यांच्या ध्यानात आलं. त्याला कारण चिंचोक्याची खळ. घोंगडीचे उभे धागे म्हणजे ताणा. तो पहाटे गल्लीत लांबवर ताणायचा आणि शिजवलेल्या चिंचोक्यांची खळ कुंच्याने त्याला पाजायची, म्हणजे धागा ताठ होतो. ती खळ वाळली की तिचा पातळ पापुद्रा होतो आणि आतला घाम आत राहतो. टिकली त्यावर बारीक उजेड टाकते, परत आलेला उजेड वाचते आणि रंग दाखवते. करणाऱ्याचं बरं चाललं होतं तर हिरवा, मग पिवळा, नारंगी, आणि हाल हाल झाले असतील तर लाल.

त्या शोधाला 'साक्ष' असं भारदस्त नाव होतं. गावाने तिला टिकली केलं.

गिऱ्हाईक आता दुकानात उभं राहून फोनला लावलेली टिकली घोंगडीवर टेकवायचं. चिकटपट्टीला फसवता येत होतं, घामाला येईना. दोन वर्षांत दलालांच्या गाड्या यायच्या थांबल्या. भाव तिप्पट झाला आणि तो थेट संस्थेत यायला लागला. खड्ड्यातले माग वर आले, बसायला पाठ असलेल्या खुर्च्या आल्या, चाळिशीचे चष्मे आले, रविवारची सुट्टी आली. शालनचे गुडघे वाचले आणि लेक नर्सिंग शिकली. घेणाऱ्याला अस्सल लोकर मिळाली, वीस वर्षं टिकणारी, आणि उंदराने कुरतडली तर जन्मभर फुकट दुरुस्ती.

फक्त एक अट होती. पाठवलेल्या मालात एक घोंगडी जरी लाल निघाली, तरी सगळा माल अडवायचा. घेणाऱ्याने तक्रार कायम केली तर संस्थेची साक्ष रद्द, म्हणजे थेट विक्री बंद.

म्हणून शालननेच दोन वर्षांपूर्वी सभेत नियम मांडला होता. एक पोर अंगात ताप असताना विणत बसली होती, त्यावरून तो निघाला. मागावर बसण्याआधी बोट टिकलीवर ठेवायचं. नारंगी आलं तर घरी जायचं. त्रासात असलेल्या बाईला कामाला जुंपायचं नाही. सभेने टाळ्या वाजवल्या होत्या, कल्पनाने सर्वांत जोरात.

आणि आता कल्पनाचा नवरा धनाजी गेला होता. झोपेत, काही कळायच्या आत. जायच्या चार दिवस आधी त्याने आणि कल्पनाने मिळून चौथ्या मागाचा ताणा ताणला होता. ताणा एकट्याने होत नाही, दोन टोकांना दोन माणसं लागतात. एका टोकाकडून तो खळीचा कुंचा मारत आला, दुसरीकडून ती, आणि मधे गाठ पडली तशी त्याने तिच्या नाकाला खळ लावली. सगळ्या गल्लीने ते पाहिलं होतं आणि दोघांची टिंगल केली होती.

हिवरवाडीत एक रीत आहे. ज्याने ताणा चढवला त्यानेच तो विणून उतरवायचा. मधेच दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. त्यामुळे चौथ्या मागाला कुणी हात लावेना, आणि जिचा माग होता तिला टिकली बसू देईना.

दुपारी शालन तिच्याकडे गेली. कल्पना उंबऱ्यात बसून रिकाम्या कांडीवर सूत गुंडाळत होती. कांडी भरली की सोडवायची आणि पुन्हा गुंडाळायची.

"आगं, इसावा घे की," शालन म्हणाली. "संस्था अर्धा रोज देतीया ना घरबसल्या?"

"मी रोज मागितला व्हय तुज्याकडं?" कल्पनाने वर पाहिलं नाही. "लग्नाला जाऊ नगं, हळदीकुंकवाला जाऊ नगं, हितवर मला समजलं. पांढऱ्या कपाळाच्या बाईला लोकं टाळत्यात, ती जुनी खोड हाय. पर मागावर बी बसू नगं, ही नवी कुठनं काढलीस गं तू?"

असं शालनच्या मनातही आलं नव्हतं. आपण दयेपोटी नियम केला आणि नेमक्या दुःखात असलेल्या बाईला दाराबाहेर काढलं, हे तिला आत्ता, ह्या उंबऱ्यात दिसलं, आणि तिची मान खाली गेली.

"तिथं बसलं की हात चालत्यात," कल्पना म्हणाली. "हात चालले की जरा बरं वाटतं. हितं नुसती भिंत बघत बसती मी. त्याच्या हातचा शेवटचा ताणा हाय, शालन. माजा मला उतरवू दे. मग धाड मला घरी."

अडतीस घरं संस्थेवर चालत होती. ती अडतीस घरं एका पारड्यात आणि ही एक बाई दुसऱ्यात. शालन पाणी न पिताच उठली. पण गल्लीच्या टोकावरून ती मागे फिरली.

"उद्या दुपारी ये," ती म्हणाली. "जेवायच्या सुट्टीत कारखान्यात कोण नसतं. मागल्या दारानं ये."

नऊ दुपारी कल्पना मागल्या दाराने आली. शालन दारात खुर्ची टाकून बसायची आणि आत मागाच्या धोट्याचा आवाज चालू व्हायचा. तिसऱ्या दिवशी आतून रडण्याचा आवाजही आला. शालन उठून आत निघाली, पण धोटा थांबला नव्हता, म्हणून ती परत बसली. नवव्या दिवशी कल्पनाने घोंगडी उतरवली. काळीभोर, कडेला पांढरी पट्टी. अशी एकसारखी वीण शालनने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

"तुज्यापाशीच ठेव," शालन म्हणाली.

"विकायला ताणलाय. त्यानं बी विकायलाच ताणलावता. कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे, ऊब हुईल."

ती गेल्यावर शालनने टिकली लावली. नारंगी, आणि तीही लालसर; गिऱ्हाइकाच्या हातात लाल व्हायला कितीसा वेळ. चाळीस घोंगड्यांची मागणी होती, एकोणचाळीस तयार होत्या आणि गाडी दुसऱ्या दिवशी निघायची होती.

ह्यापुढे शालनने जे केलं ते सणगराच्या घरातल्या माणसालाच सुचावं. खळ म्हणजे त्यांचा रामबाण उपाय. धागा तुटका असो, बारीक असो, कुठे विरळ पडलेला असो, खळ लावली की झाकून जातं. लहानपणापासून तिने हेच पाहिलं होतं. विणून झालेल्या घोंगडीला कुणी खळ लावत नाही. तिला दोन पाण्यांतून काढतात आणि वाळवतात. शालनने तिला पाण्यातून काढलं नाही. चुलीवर चिंचोके शिजवले आणि घोंगडीवर आडवे-उभे दोन हात चढवले. ओल्या खळीवर टिकली टेकवली. हिरवी! शालनने देवाला हात जोडले, रात्रभर वाळवून घोंगडी घडी केली आणि नोंदीत विणणारी म्हणून स्वतःचं नाव घातलं. सकाळी पुन्हा टिकली लावून बघावी, असं तिला वाटलंही. पण हिरवं एकदा पाहिलेलं पुन्हा कशाला उकरून काढा, म्हणून ती गप्प बसली.

आठव्या दिवशी संस्थेचा सचिव अक्षय फोन घेऊन पळतच आला. हा अक्षय पन्नाशीचा, पोट सुटलेला; तो पळाला म्हणजे काहीतरी मोठंच.

"वहिनी, लाल आलीय! नुसती लाल न्हवं, असला रंग म्या बघितलाच न्हाई. काळा म्हणावा का काय! सगळा माल अडवलाय. आन् नोंदीत नाव तुमचं हाय."

पुण्याहून ओवी नावाच्या तपासनीस मुलीचा फोन आला. आवाज कोवळा होता, पण प्रश्न नेमके होते.

"शालनताई, ही तुम्ही विणलेली नाही. तुमच्या घामाचा नमुना आमच्याकडे आहे. ह्यात दुसऱ्याच बाईचा हात आहे. आणि खळ आडव्या धाग्यांवर कशी आली?"

शालनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एरवी विणकाम पाण्यातून काढलं की आडव्या धाग्यातलं निम्मं धुऊन जातं. तुम्ही नेहमीसारखी धुतली असती तर ही पिवळ्यावर थांबली असती. ओल्या खळीतून उजेड आत जात नाही, म्हणून तुम्हाला तेव्हा हिरवं दिसलं असेल. वाळल्यावर सगळं आत बंद झालं. बरणीत लोणचं मुरावं तसं. तुम्ही कुणाला राबवून घेतलंय का? खरं सांगा."

"न्हाई गं बाळा," शालन म्हणाली, आणि आपल्या शब्दाला आता काही किंमत उरली नाही हे तिला तेव्हाच कळलं.

नियम असा होता की घेणाऱ्याने पंधरा दिवसांत तक्रार कायम केली तर साक्ष रद्द. घेणारी बाई नाशिकची, सुनीती रेगे, निवृत्त शिक्षिका. ओवीने तिला विचारलं तेव्हा तिने उत्तर दिलं, "कागदावर मी काही कळवणार नाही. मी तिथे जाऊन बघणार आहे."

ती खरंच आली. विजेवरच्या एसटीतून दुपारी उतरली, काखेत कापडी पिशवी, तिच्यात घोंगडी. उंच, सडपातळ, चालणं झपाट्याचं. कारखान्यात तिने आधी खुर्च्या पाहिल्या, मग खिडक्या, मग बायांच्या बोटांची नखं. शाळेची तपासणी करावी तशी तिने ती तपासणी केली आणि मग घोंगडी टेबलावर पसरली.

"माझ्या थोरल्या बहिणीला, माईला दमा आहे," ती म्हणाली. "पूर्वी लोकर म्हणून आणलेल्या प्लॅस्टिकने तिची छाती भरून यायची. तुमच्या घोंगडीने तिला तीन हिवाळे सुखाचे गेले, म्हणून मी दुसरी मागवली. तिप्पट पैसे देताना मला कधी जड वाटलं नाही. समोरची बाई जेवूनखाऊन, हसतखेळत विणते आहे, ह्याचे ते पैसे होते. आणि तुम्ही हे पाठवलंत? माईच्या अंगावर मी कुणाचे हाल घालू?"

सगळ्या बाया शालनकडे बघायला लागल्या. शालन उठून उभी राहिली.

"बाई, घोंगडी माजी न्हाई. नाव मी खोटं घातलं. खळ मी लावली, झाकायला. संस्थेचा, ह्या बायकांचा ह्यात काय बी दोष न्हाई, कुणाला ठावं बी न्हवतं. काय शिक्षा ती मला एकटीला करा."

"मग विणली कुणी?"

"मी," दारातून आवाज आला. कल्पनाला कुणीतरी बोलावून आणलं होतं, किंवा तीच आली होती. "माजी हाय. मला कुणी राबवलं न्हाई. उलट, बसू देत न्हवते. मी हातापाया पडून बसले."

मग तिने सगळं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. तिचं बोलणं संपल्यावर सुनीतीबाई बराच वेळ घोंगडीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी फोन काढला आणि टिकली टेकवून पडदा कल्पनापुढे धरला.

"हे मला समजत नव्हतं. मी ओवीलाही विचारलं, तर ती म्हणाली यंत्राची काहीतरी गफलत असेल. आडवे धागे असे काळेलाल. आणि उभे धागे मात्र हिरवे, अगदी हिरवेगार. दोन हातांचे आहेत म्हणे. एक बाईचा आणि एक पुरुषाचा."

कल्पनाने पडदा पाहिला. तिला रंग कळले, आकडे कळले नाहीत. पण उभे धागे कुणी ताणले होते ते तिला माहीत होतं. ती खाली बसली आणि घोंगडीची कड तिने गालाला लावली.

"खूश हुता म्हंजी," ती म्हणाली. "नाकाला खळ लावली मला त्या दिशी."

रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. अक्षय खिडकीबाहेर बघत राहिला. सुनीतीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"घोंगडी तुम्ही ठेवा," शेवटी त्या म्हणाल्या. "पैसे राहू देत."

"न्हाई ताई." कल्पना उठली. घोंगडीची तिने नीट घडी घातली, कडेला कड जुळवून. "दिलेली वस्तू परत घेत न्हाई आमी. तुमच्या माईला घाला. ह्यात हाल न्हाईत. माणूस गेलं तर बाई रडणारच की. ते निराळं आन् उपाशी ठेवून राबवणं निराळं. एवढं त्या टिकलीला कळंना, पर तुमास्नी कळंल."

सुनीतीबाईंनी तिथेच, सगळ्यांसमोर, ओवीला फोन लावला. शाळेत मुख्याध्यापकांशीही त्या अशाच बोलत असणार.

"तुमचं यंत्र खोटं नाही, पण त्याला अर्धंच कळतं. त्रास आहे एवढं ते सांगतं. कशाचा, ते माणसालाच विचारावं लागतं, आणि विचारायचं कुणी हे तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. मी विचारलंय. माझी तक्रार नाही. पण एक सूचना आहे, लिहून घ्या."

लगेच काही झालं नाही. असल्या गोष्टी लगेच होत नाहीत. पुण्यात दोन बैठका झाल्या, एक समिती येऊन चहा पिऊन गेली. खोट्या नोंदीबद्दल शालनचं अध्यक्षपद वर्षासाठी गेलं, आणि ते बरोबरच होतं असं तिने स्वतःच सभेत सांगितलं. माल सुटला, साक्ष राहिली. नियमात दोन ओळी वाढल्या. बोट नारंगी आलं तर आधी बाईला विचारायचं. पूर्ण रोज घेऊन घरी बसायचं की मागावर, ते तिने ठरवायचं. आणि लाल घोंगडी गिऱ्हाइकाकडे जाताना विणणारीने आपल्या आवाजात कारण सांगायचं. मग घ्यायची की नाही, ते त्याने ठरवावं. आश्चर्य म्हणजे अशा घोंगड्या परत येईनात. उलट लोक फोन करून विचारायचे, ती बाई आता कशी आहे?

दीड वर्षाने, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, नाशिकहून एक पार्सल आलं. शालन तेव्हा तिसऱ्या मागावर होती, आणि सकाळची टिकली आता कल्पनाच्या हातात असायची. पार्सलातून काळी घोंगडी निघाली, पांढऱ्या पट्टीची. एका कोपऱ्यात उंदराने हातभर कुरतडली होती. सोबत चिठ्ठी, 'दुरुस्त करून पाठवावी. सु. रेगे.' बस्स, एवढंच.

दुरुस्तीला आलेली घोंगडी आपलीच आहे ना, हे बघायला तिला टिकली लावायची पद्धत होती. कल्पनाने लावली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

"शालन, हिकडं ये."

शालन चष्मा सावरत आली. उभे धागे अजून हिरवे होते. आडव्यांतला लाल आता फिका पडला होता. पण एका कडेला, जिथे माणूस घोंगडी गळ्याशी ओढून घेतं तिथे, वर आणखी एक थर होता. शालनने झाकायला चढवलेली ती खळ अजून पुरती गेली नव्हती. साधी धुतलेली घोंगडी असती तर एवढं टिकलं नसतं. तिसऱ्याच माणसाचा हात होता तो. आणि ताजा, लाल.

"माईचा आसंल," शालन म्हणाली. "दमा हाय ना तिला."

"दम्याच्या बाईनं मुठीत अशी कड धरली नसती. हे बघ, लोकर कशी पिळवटलीया. बोटांच्या जागा पडल्यात." कल्पना कुरतडलेला कोपरा सोडून त्या कडेकडेच बघत राहिली. अशी कड मुठीत धरून तीही झोपत होती, त्या वर्षी.

तिने फोन लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली.

"ताई, मी कल्पना, हिवरवाडीची. जेवलाव का?"

सुनीतीबाईंचा आवाज आला, आणि तो त्या दिवशीचा तपासणी करणारा आवाज नव्हता.

"माई गेली हो. मार्चमध्ये. तुम्हाला कसं कळलं?"

"घोंगडीनं सांगितलं."

मग सुनीतीबाई बोलायला लागल्या. शेजारी कुणी येत नाही, घर मोठं आहे, स्वयंपाक एकटीसाठी करावासा वाटत नाही. शाळेत सत्तर-सत्तर मुलांना गप्प बसवणारी बाई थांबायचं नाव घेईना. कल्पना मधे मधे "व्हय", "व्हय" म्हणत राहिली आणि दुसऱ्या हाताने कड मोकळी करत राहिली. कारखान्यातले माग एकेक करून थांबले होते. शालनने कुणालाही हटकलं नाही.

"बरं, घोंगडीचं काय?" शेवटी नाक पुसत सुनीतीबाईंनी विचारलं. "कधी होईल?"

"आठ दिवसांत हुईल. पर पोस्टानं न्हाई धाडणार ती," कल्पना म्हणाली. "तुमी न्यायला या. आन् चार दिस ऱ्हायच्या बोलीनं या. मला ताणा ताणायचाय, दुसऱ्या टोकाला माणूस न्हाई."